हें म्हजें घर : साष्टीतल्या जुन्या घरांच्या सहलीचं एक प्रकरण

दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यात आम्ही दोघं मिळून जुनी घरं आणि चर्च दाखवणारी एक दिवसाची सहल चालवतो. त्यातल्या एका सहलीत एका घरातल्या वृद्ध यजमानीण दुखावल्या आणि त्या घराचं दार आमच्यासाठी बंद झालं. नेमकं काय घडलं, आम्ही काय ठरवलं आणि कुठे चुकलो, ते इथे मांडतो आहे. घर, गाव आणि माणसं ओळखता येणार नाहीत एवढी काळजी घेतली आहे. इतिहासातली ठिकाणं आणि सनावळ्या मात्र खऱ्या आहेत, कारण सगळा पेच त्यांच्यातूनच उभा राहिला.

पार्श्वभूमी

गोवा म्हटलं की लोक किनाऱ्याकडे वळतात. मडगावहून पूर्वेला निघालं की वीस मिनिटांत वेगळाच मुलूख लागतो. राय, राचोल, कुडतरी, लोटली, चांदर. भातशेती, तळी, चिऱ्याच्या कुंपणांमधून वळत जाणारे अरुंद रस्ते आणि अचानक समोर येणारा पांढराशुभ्र चर्चचा दर्शनी भाग. कुडतरीचं सां आलेक्स चर्च १५९७ चं. समोर क्रूस, बाजूला तळं, तळ्यापलीकडे शेत. या गावाला साष्टीचं धान्याचं कोठार म्हणत, ते का हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंबांची एकेकाळची राजधानी. त्याच चांदरात मिनेझिस ब्रागांझांचा लांबच लांब वाडा आहे. १९०० मध्ये गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक सुरू करणाऱ्यांपैकी एक असलेले लुईश द मिनेझिस ब्रागांझा या घराण्यातले. लोटलीत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचं वडिलोपार्जित घर आहे.

ही घरं बाहेरून युरोपीय वाटतात. आत पाऊल टाकलं की आपली वाटू लागतात. दाराशी बल्कांव, म्हणजे ओटीसारखी पडवी, त्यात दोन्ही बाजूंना बसायला सोपो, म्हणजे पक्की बाकं. पुढे दिवाणखाना आणि त्याच्या एका अंगाला ऑराटोर, म्हणजे घरातलं देवघर. बऱ्याच घरांच्या मधोमध अंगण असतं, अगदी फोंड्याच्या हिंदू घरांतल्या राजांगणासारखं. खिडक्यांना काचेऐवजी चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे लाकडी चौकटीत बसवलेले असतात. दुपारचं ऊन त्यांतून झिरपून आत येतं तेव्हा खोलीत दुधाळ उजेड पसरतो. तो फोटोत कधीच नीट येत नाही, तिथे जाऊनच पाहावा लागतो. आमच्या सहलीमागचं मूळ कारण हा उजेडच होता, असं म्हटलं तरी चालेल.

यातली मोजकी घरं लोकांसाठी रीतसर खुली आहेत. बाकीची राहती आहेत आणि बहुतेकांत एकदोन म्हातारी माणसंच उरली आहेत. याची कारणं सहलीत सांगावी लागतात, नाहीतर पाहुण्यांना वाटतं की या लोकांना घराची किंमत नाही. पहिलं कारण जमिनीचं. ही भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची घरं. ती कुळांकडून येणाऱ्या खंडावर उभी होती. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा जमिनीचा मालक झाला. ते न्याय्यच होतं. पण शंभर फूट लांबीच्या घराचं छप्पर शाकारायला लागणारा पैसा त्याबरोबर आटला. दुसरं कारण वारशाचं. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे. मुलगा असो वा मुलगी, वाटा सारखाच, आणि निम्म्या मालमत्तेवरचा मुलांचा हक्क आईबापांनाही मनाला येईल तसा काढून घेता येत नाही. मुलींना इतकं न्यायाने वागवणारा कायदा देशात फार आधीपासून इथे होता याचा मला अभिमान आहे. त्याच कायद्यामुळे एका घराला पाच, नऊ, कधी वीस मालक होतात आणि त्यातले निम्मे लिस्बन, लंडन, टोरांटोला असतात. कौल बदलायचं तरी सगळ्यांना विचारावं लागतं.

या प्रकरणातलं घर असंच आहे. दोनशे वर्षांवरचं, भावंडं पाच. एक भाऊ वारला, त्याची मुलं वाटेकरी. दोन भाऊ परदेशात, एक बहीण मुंबईत आणि सर्वांत धाकट्या, सत्तरी ओलांडलेल्या आंटी घरात. सोबतीला गावातली एक बाई दिवसभर असते. आंटी अविवाहित, शाळेत शिक्षिका होत्या. आमच्या ओळखीतून त्या तयार झाल्या. बोलणं तोंडी झालं, दर भेटीमागे ठरावीक रक्कम द्यायची असं ठरलं. पहिल्या सहलीत बारा जण होते, दुसऱ्यात चौदा. दोन्ही वेळी आंटी खुशीत होत्या. त्यांनी दोदोल हा गोड पदार्थ केला, पियानोवर दोन सूर वाजवून दाखवले, ऑराटोरपुढची मेणबत्ती स्वतः लावली.

अडचण

तिसरी सहल जानेवारीअखेरची. पुण्याच्या एका मंडळाने एकत्र नोंदणी केली, माणसं एकतीस. पहिल्या दोन सहलींत आमच्या खिशातले पैसे गेले होते, या एका सहलीत ते भरून निघणार होते. आम्ही हो म्हटलं. आंटींना फोनवर सांगितलं, "यावेळी थोडे जास्त आहेत." किती ते नेमकं सांगितलं नाही.

दुसरा निर्णय याहून जुना होता आणि तो निर्णय आहे हे आमच्या लक्षातही आलं नव्हतं. सहलीत सोळाव्या शतकाबद्दल आम्ही फार कमी बोलायचो. "१५४३ मध्ये साष्टी आणि बार्देश पोर्तुगिजांकडे आले, मग ख्रिस्ती धर्म आला, मग ही चर्च झाली," एवढ्या तीन वाक्यांत शंभर वर्षं उरकायची आणि कौलं, शिंपले, नक्षीकडे वळायचं. वास्तूंची सहल आहे, कशाला कटू विषय, असा आमचा विचार होता.

पाहुणे मात्र कोरी पाटी घेऊन येत नाहीत. या मंडळातल्या बऱ्याच जणांची कुलदैवतं गोव्यातली होती. आदल्या दिवशी ते फोंड्याला जाऊन आले होते. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी. यातला मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची, रामनाथ लोटलीचा. ही सगळी तेव्हाच्या साष्टीतली गावं. १५६७ मध्ये राचोलच्या किल्ल्यातल्या पोर्तुगीज कप्तानाने साष्टीतली देवळं मोठ्या संख्येने पाडली. त्या धामधुमीच्या वर्षांत लोकांनी देव उचलून जुआरी नदी ओलांडली आणि अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्यात नेऊन ठेवले. ज्याचं कुलदैवत रामनाथ आहे त्या माणसाला दुसऱ्या दिवशी लोटलीच्या रस्त्यावरून नेलं, तर त्याच्या मनात काय चाललं असेल हे समजायला इतिहासकार व्हावं लागत नाही. आम्ही त्याला बसमधून खिडक्यांच्या कमानी दाखवत होतो.

सकाळी राचोल आणि कुडतरी झालं. जेवणानंतर तीनच्या सुमारास आंटींच्या घरी पोहोचलो. बस आत जात नव्हती, म्हणून दहा मिनिटं चालत. बल्कांवात एकतीस माणसं मावेनात, तेव्हा सगळे एकदमच वरच्या दिवाणखान्यात गेले. लाकडी जमीन करकरली. कोणीतरी भिंतीपाशी ठेवलेल्या शिसवी खुर्चीवर बसलं आणि तिची वेताची विणाई फाटली. आंटी म्हणाल्या, "असूं, असूं," पण त्यांचा चेहरा उतरला. एक तरुण मुलगी मोबाइल उंच धरून ऑराटोरचं चित्रण करत होती. घरच्या मृत माणसांचे फोटो तिथेच ठेवलेले होते.

मग एक निवृत्त गृहस्थ पुढे आले. सकाळपासून ते शांत होते. त्यांनी आंटींना अगदी सभ्य स्वरात विचारलं, "बाई, तुमचं घराणं बाटण्याआधीचं आडनाव काय? आणि इथलं देऊळ नेमकं कुठे होतं?"

खोली गप्प झाली. आंटींचं शिक्षण आधी पोर्तुगीज आणि मग इंग्रजीत झालेलं, पण कोकणी बोलणाऱ्या माणसाला मराठी न कळण्याचं कारण नाही. आणि "बाटणे" हा शब्द तर दोन्ही भाषांत आहे. मराठीत आपण तो सहज वापरतो, इतिहासाच्या गप्पांत, नाटकांत, घरात. त्याचा अर्थ मात्र धर्म बदलणे एवढाच होत नाही; विटाळणे, अपवित्र होणे असा होतो. पाणी बाटतं, भांडं बाटतं. ज्या बाईच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना म्हटली जाते, तिला तिच्याच देवघरासमोर उभं करून आपण तो शब्द वापरला. त्या गृहस्थांच्या मनात अपमान करायचं नव्हतं याची मला खात्री आहे. त्यांच्या आवाजात राग नव्हता, शोध होता. पण शब्द निघून गेला होता.

त्या क्षणी मी काय केलं? मी छताकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "आता ही नक्षी बघा, यात हवा खेळती राहायला कशी जाळी ठेवली आहे." लोकांनी माना वर केल्या. आंटी आतल्या खोलीत निघून गेल्या आणि बाहेर आल्या नाहीत. त्यांच्या सोबतच्या बाईने आम्हाला दारापर्यंत पोहोचवलं. संध्याकाळी मी फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तांकां सांग, हें म्हजें घर. म्युझियम न्हय." मी माफी मागायला लागलो तर म्हणाल्या, "म्हाका राग ना. म्हाका वायट दिसलें."

त्याच रात्री त्या मुलीने ऑराटोरचं चित्रण, मागे तो प्रश्न ऐकू येतो आहे अशा रूपात, समाजमाध्यमावर टाकलं. दोन दिवसांत ते परदेशातल्या भावापर्यंत पोहोचलं. त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, प्रश्न सरळ होते. घर पाच जणांचं आहे, तुम्ही कोणाची परवानगी घेतलीत? जमीन खचून कोणाला लागलं असतं तर जबाबदारी कोणाची? माझ्या आईचा फोटो कोणाला विचारून दाखवलात? तिन्ही प्रश्नांना आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी घरातली सहल बंद करायला सांगितली आणि आम्ही ती बंद केली.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय राहती घरं सोडून देण्याचा. चांदरचा वाडा, लोटलीतलं आराउजो आल्वारिस घर, केप्याचा १७८७ चा पालासिओ दो देआंव अशी लोकांसाठी खुली असलेली ठिकाणं आहेत. तिथे पाहुण्यांची सवय आहे, घरच्यांवर ताण कमी. हा पर्याय सुरक्षित होता. पण राहत्या घरात जे कळतं ते तिथे कळत नाही, आणि आंटींसारख्यांना मिळणारी थोडी रक्कम आणि त्याहून जास्त म्हणजे सोबत, तीही जाते. आम्ही तो बाजूला ठेवला, फेकला नाही.

दुसरा पर्याय माझ्या सहकारिणीचा. इतिहासाचा विषयच बंद करायचा. बसमध्ये आधीच सांगायचं की धर्माबद्दल प्रश्न विचारू नका. यावर आमचं दोन आठवडे भांडण चाललं. तिचं म्हणणं होतं की आंटींना वाचवायचं तर हाच मार्ग. मला ते पटलं नाही. ज्या प्रश्नावर बंदी घालावी लागते तो प्रश्न लोक मनात धरूनच आत जातात आणि मग समोरच्या माणसाकडे संशयाने बघतात. शिवाय ते खोटं झालं असतं. साष्टीच्या चर्चबद्दल बोलायचं आणि देवळांबद्दल बोलायचं नाही, हे कुठल्याच बाजूला न्याय देणारं नाही.

तिसरा पर्याय याच्या उलटा. सगळं सांगायचं, पण आपण सांगायचं, उघड्यावर सांगायचं, आणि कोणाच्याही घराचा उंबरा ओलांडण्याच्या आधी सांगायचं. यावर विचार करताना मला आमची मूळ चूक दिसली. त्या गृहस्थांचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर देणं माझं काम होतं आणि मी ते टाळत आलो, म्हणून तो प्रश्न आंटींच्या अंगावर गेला.

चौथा पर्याय सहलच थांबवण्याचा. तोही दोन रात्री गंभीरपणे डोक्यात होता.

काय केलं

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं आंटींकडे गेलो होतो. पैशाचं पाकीट नेलं नाही, सहकारी म्हणाली ते नको, आणि ती बरोबर होती. आंटी बल्कांवात बसल्या होत्या, आत बोलावलं नाही. आम्ही सोप्यावर बसलो, चुकलो असं सांगितलं, खुर्ची दुरुस्त करून देतो म्हणालो. वेत विणणारा माणूस आता शोधावा लागतो. चित्रण टाकणाऱ्या मुलीला फोन केला. तिने एका शब्दाने वाद न घालता ते काढलं आणि रडली. पण तोवर ते पुढे गेलेलं होतं, ते कुठे कुठे आहे हे आता कोणालाच माहीत नाही. त्या गृहस्थांनाही मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अहो, मी माझंच गाव शोधत होतो." त्यांनी आंटींना हाताने लिहिलेलं पत्र पाठवलं. त्यात काय होतं ते मी विचारलेलं नाही.

मार्चमध्ये आम्ही सहलीची आखणी बदलायला घेतली. पहिला थांबा राचोलचा ठेवला, पण आता तिथे तासभर. किल्ला जवळजवळ नाहीसा झाला आहे, दरवाजा तेवढा उभा आहे. त्या दरवाजापाशी आम्ही बोलतो. १५६७ मध्ये इथल्या कप्तानाने काय केलं ते सांगतो. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइटांना, म्हणजे त्या पंथाच्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांना, गावकऱ्यांनी मारलं आणि मग बोलणी करायला म्हणून बोलावलेल्या गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात मारण्यात आलं, हे सांगतो. दोन्ही मृत्यू एकाच श्वासात सांगतो, एक आधी आणि एक तळटीप असं करत नाही. त्यानंतर त्याच राचोलला १६१६ मध्ये काय छापलं गेलं ते सांगतो. इंग्लंडहून १५७९ मध्ये आलेल्या फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, मराठी ओव्यांतलं, रोमन लिपीत. जिथून देवळं पाडायला माणसं निघाली त्याच गावात काही दशकांनी मराठीच्या ओवीला कोणीतरी इतक्या प्रेमाने हात लावला. ही दोन सत्यं एकमेकांना खोडत नाहीत, आणि ती शेजारी शेजारी ठेवली की बसमधले आवाज खाली येतात. हे मी आजवर प्रत्येक सहलीत पाहिलं आहे.

कुंकळ्ळीची एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो. तिथली शांतादुर्गा फातर्प्याला गेली. दरवर्षी फाल्गुनात बारा छत्र्यांची मिरवणूक निघते, ती सत्रीओ, आणि तिच्यात गावचे ख्रिस्तीही असतात. रायला ऑगस्टमध्ये कोणसांचं फेस्त, म्हणजे कणसांचा सण होतो. भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी येतात. आपल्याकडे नव्याची पूजा करणाऱ्या कुठल्याही घराला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शब्दांबद्दलही बोलतो. दरवाजापाशीच सांगतो की या घरांत "बाटले" म्हणू नका, "ख्रिस्ती झाले" म्हणा, आणि का ते समजावतो. आजवर कोणी हे ऐकून घ्यायला नकार दिला नाही. एका बाईंनी मात्र हात वर करून विचारलं, "जबरदस्तीने झालं असेल तरी?" मी म्हटलं, ज्यांच्यावर जबरदस्ती झाली त्यांच्याच नातवंडांना तो शब्द कसा लावायचा? त्या गप्प राहिल्या. त्यांना पटलं की नाही हे मला कळलं नाही.

सहलीचा शेवटही बदलला. आता लोटलीहून बोरीचा पूल ओलांडून आम्ही रामनाथीला जातो. सकाळी जिथून देव निघाला, संध्याकाळी तिथे जिथे पोहोचला. पुलावर बस हळू घ्यायला सांगतो, बाकी काही बोलत नाही.

कागदोपत्री कामाला फार वेळ गेला. राहत्या घरासाठी आता सापडतील तेवढ्या सगळ्या वाटेकऱ्यांची लेखी संमती घेतो. एका वेळी घरात दहाच माणसं. बाकीची बाहेर झाडाखाली थांबतात. जुन्या लाकडी मजल्याची सुताराकडून तपासणी होते. आंटींच्या घरच्या तपासणीत कळलं की तुळयांची भिंतीतली टोकं वाळवीने पोखरली होती. एकतीस माणसं त्याच तुळयांवर उभी होती. हे वाक्य लिहितानाही अंगावर काटा येतो. देवघर, मृतांचे फोटो आणि झोपण्याच्या खोल्या यांचं चित्रण पूर्ण बंद. चर्चच्या बाबतीत पाद्रींशी बोलून रविवार आणि फेस्ताचे नऊ दिवस टाळतो. मिस्सा किंवा अंत्यविधी असेल तर बाहेरच्या क्रूसापाशी बोलून निघून जातो, मग पाहुणे कितीही लांबून आलेले असोत.

निष्पत्ती

पैशांच्या हिशेबाने सहल लहान झाली. दहाच्या गटाला माणशी खर्च वाढतो, मोठी मंडळं आता आमच्याकडे येत नाहीत. दुसरं एक घर, जे आमच्या यादीत होतं, त्यांनी लेखी संमतीचा विषय काढताच नकार दिला. वाटेकऱ्यांत आधीच तंटा होता आणि आमच्या कागदाने तो उघडा पडला असता. ते घर गेलं ते गेलंच.

परदेशातल्या भावांपैकी एकाने मे महिन्यात होकार कळवला, फक्त बल्कांवासाठी. दुसऱ्याने अजून काही कळवलेलं नाही. म्हणून आंटींचा दिवाणखाना बंद आहे आणि आम्ही विचारतही नाही.

त्याच मे महिन्यात गावातल्या क्रूसापाशी लादाइन्य, म्हणजे गाऊन म्हणायची सामूहिक प्रार्थना होती, आंटींनी आम्हा दोघांना बोलावलं. गाणं झालं, उकडलेले चणे वाटले, मग त्या आमच्याशेजारी येऊन बसल्या. स्वतःहूनच त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळल्या. म्हणाल्या, जुनं आडनाव मला माहीत नाही, आईलाही नव्हतं. पण आमचा वांगड माहीत आहे. तिसरो. गावकारीच्या, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादच्या नोंदींत गावच्या मूळ कुळांची मोजणी वांगडांनी होते आणि धर्म बदलला तरी वांगड बदलले नाहीत. "आडनांव विचारूं नाकात," त्या म्हणाल्या, "वांगड विचारात. तें आमी सांगूं."

इतकी वर्षं या गावांत फिरून मला हे सुचलं नव्हतं. आता राचोलच्या दरवाजापाशी आम्ही गावकारी आणि वांगडही समजावतो.

वेगळं काय करता आलं असतं

एकतीस जणांची नोंदणी नाकारायला हवी होती, किंवा तीन गट करून तीन दिवस मागायला हवे होते. "थोडे जास्त" या दोन शब्दांत मी आंटींचा नकार देण्याचा हक्क काढून घेतला. आकडा सांगितला असता तर त्या नाही म्हणाल्या असत्या, आणि मला ते आतून ठाऊक होतं, म्हणूनच मी आकडा सांगितला नाही.

त्या प्रश्नाच्या क्षणी मी दोन पावलं पुढे जाऊन आंटी आणि ते गृहस्थ यांच्या मध्ये उभं राहायला हवं होतं. "काका, हा प्रश्न माझ्यासाठी आहे, बाहेर अंगणात चला, मी सांगतो," एवढं पुरलं असतं. छताची नक्षी दाखवून मी दोघांनाही एकटं सोडलं. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मार्गदर्शकांना आम्ही हाच प्रसंग सांगतो आणि त्यांना ते वाक्य मोठ्याने म्हणायला लावतो. घाईच्या वेळी तोंडात तेच येतं जे आधी म्हटलेलं असतं.

तोंडी करारावर विसंबणं ही चूक होती, पण तिच्याबद्दल माझं मन थोडं दुभंगलेलं आहे. आंटींच्या पिढीत शब्द पुरेसा असे. पहिल्याच भेटीत कागद पुढे केला असता तर त्यांनी दार उघडलं नसतं, असं अजून वाटतं. कदाचित दोन भेटींनंतर, ओळख झाल्यावर, त्यांच्याच हातून भावांना पत्र लिहवून घेणं जमलं असतं. तसं केलं असतं तर भावाला ही बातमी त्या चित्रणातून कळली नसती.

सकाळच्या तासाबद्दलही तक्रारी येतात. वसईहून आलेल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने सांगितलं की लहान मुलांसमोर एवढं रक्त नको होतं. त्यांचं म्हणणं मी टिपून ठेवलं आहे. मुलं असतील तर असोळण्याचा भाग मोठ्यांना वेगळा सांगावा का, हे अजून ठरलेलं नाही.

आंटी आता नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मन असेल त्या दिवशी बल्कांवात बसतात. सकाळी त्यांचा फोन येतो, "आज येयात," किंवा येत नाही. फोन आला नाही तर आम्ही त्या गल्लीत वळत नाही, पाहुण्यांना तसं आधीच सांगितलेलं असतं. गेल्या उन्हाळ्यात दिवाणखान्यावरची कौलं परतली. त्यात आमचा थोडा वाटा त्यांनी घेऊ दिला. शिसवी खुर्ची अजून भिंतीपाशी तशीच आहे. वेत विणणारा म्हातारा सापडला आहे, पण त्याच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली की तो येणार आहे.